परसदारातल्या वाटा मोजणारे किन्हीकर मास्तर

श्री. रामकृष्णपंत किन्हीकर यांची व माझी पहिली भेट एका म्हशीच्या साक्षीने झाली. दुसरे महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. मी नाशिककडचा, नुकताच ओव्हरसिअरची परीक्षा पास होऊन या गावी कमेटीच्या नोकरीत रुजू झालो होतो. इकडे वऱ्हाडात नगरपालिकेला कमेटीच म्हणतात, हे मला इथे येऊनच कळले. येऊन तिसरा दिवस. धनज वेशीच्या आतल्या एका बोळात मी साखळीने मोजणी करीत होतो. काळी टोपी आणि गळाबंद कोट घातलेले एक गृहस्थ मागे येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले की पुढे बोळ बंद आहे, साखळी नेऊ नका, तिथे म्हैस बांधलेली असते. परीक्षा पास झालेल्या माणसाने रस्त्यावरच्या माणसाचे ऐकायचे नसते, अशी माझी त्या वयातली समजूत होती. मी साखळी नेली. म्हशीने माझे काय केले ते या गौरवग्रंथात लिहिण्यासारखे नाही.

मी धोतर झटकीत बाहेर आलो तेव्हा ते गृहस्थ तिथेच उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी मला विचारले, "हा बोळ इथंच काहून बंद झाला असंल, तुमाले काय वाटते?"

मला काहीच वाटत नव्हते. बोळ बंद असतो किंवा उघडा असतो. तो का बंद झाला हा प्रश्न मला शिक्षणाच्या सगळ्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी मात्र चार कारणे सांगितली आणि चारही कशी अपुरी आहेत तेही सांगितले. मग आपली ओळख करून दिली. शाळेत चित्रकला व भूगोल हे विषय ते शिकवीत. मूळ गाव किन्हीराजा. तिथून शिक्षणासाठी निघाले आणि नोकरीमुळे इथे स्थिरावले. मला त्यांच्याबद्दल कुतूहल वाटण्याऐवजी राग आला होता, हे त्यांच्या साठीच्या निमित्ताने कबूल करतो.

यथावकाश राग गेला आणि मी त्यांच्या नादी लागलो. त्यांचा नाद असा होता. दरवर्षी दिवाळीची सुटी संपून कापसाच्या गाड्या गावात येऊ लागल्या की रामकृष्णपंत आठवडाभर रोज सकाळी सगळे गाव पायी फिरत. कोटाला तीन खिसे. एका खिशात ज्वारी, दुसऱ्यात तूर, तिसऱ्यात सरकी. खिसे पहिल्या सकाळी रिकामे असत आणि दाणे हातातल्या पिशवीत. जिथे तीन वाटा मिळतात तिथे ज्वारीचा एक दाणा खिशात टाकायचा, जिथे चार मिळतात तिथे तुरीचा, आणि जिथे वाट संपते तिथे सरकी. आठवडा संपल्यावर दाणे मोजून वहीत टिपायचे आणि मागच्या वर्षीच्या पानाशी ताडून पाहायचे. सरकारने त्यांना हे सांगितले नव्हते, शाळेने सांगितले नव्हते. गाव वाढते तेव्हा वाटा वाढतात की नुसती घरे वाढतात, एवढे त्यांना जाणून घ्यायचे होते.

त्यांच्या सौभाग्यवती सरस्वतीबाई, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, यांचा या दाण्यांवर फार लोभ नव्हता. एका वर्षी मोजणीच्या चौथ्या दिवशी कोट धुवायला निघाला. वहिनींनी खिसे रिकामे केले आणि तूर भरडून वरणात टाकली. रामकृष्णपंतांनी दोन वाट्या वरण खाल्ल्यावर त्यांना हे कळले. त्या वर्षीच्या वहीत चौकांच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, "भोजनात गेले." आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या वेशीपासून पुन्हा सुरुवात केली.

त्या वह्यांतून जे दिसू लागले ते मला आजही नवलाचे वाटते. आमचे गाव पूर्वी कोटाच्या, म्हणजे तटबंदीच्या, आत होते. मग लहान गाडीचे, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचे, स्टेशन झाले, त्याच्या आसपास जिनिंगचे कारखाने उठले आणि वेशीपासून स्टेशनापर्यंत एक लांबलचक रस्ता झाला. वस्ती त्या रस्त्याला धरून पसरली. रस्त्याला दोन्ही बाजूंनी फाटे फुटले, पण फाटा फाट्याला भेटला नाही. एक गल्ली जिनाच्या भिंतीला जाऊन थांबे, दुसरी कोणाच्या तुरीच्या शेताला. शेजारच्या गल्लीत जायचे तर पुन्हा मोठ्या रस्त्यावर या आणि वळसा घ्या. दरवर्षी तूर आणि ज्वारी होती तेवढीच भरे, सरकीचा खिसा मात्र फुगत जाई. मी त्यांना म्हणायचो की गाव मोठे होत आहे, हे चांगलेच आहे. त्यावर ते मला सांगत की मोठे तर होतेच आहे, पण माणूस माणसापासून दूर पडून राह्यला, त्याचे काय.

मात्र त्या काळी जुन्या गावाविषयी त्यांचे मत याहून बरे नव्हते. कोटाच्या आत तर सरकीच सरकी. निंबाच्या गल्लीतून आत जाणारे तिन्ही बोळ बंद. वर्षानुवर्षांची मोजणी एकत्र करून त्यांनी गावाचा एक सुरेख नकाशा काढला. त्यात ते बोळ अर्धवट तुटलेल्या बोटांसारखे दिसत. कमेटीने तो नकाशा मागून घेतला, काचेत बसवला आणि सभेच्या खोलीत लावला. अध्यक्षांनी मास्तरांना नारळ दिला. रामकृष्णपंतांना त्याचा अभिमान वाटला आणि तो वाटायलाच हवा होता.

त्या नकाशावरून मी माझ्या नोकरीतले पहिले मोठे काम आखले. निंबाच्या गल्लीचे ते तीन बोळ आणि पलीकडची आडाची गल्ली, जिथे गोड्या पाण्याचा सार्वजनिक आड आहे, यांच्यामध्ये घरांच्या परसांची एक लांब पट्टी होती. पट्टीच्या मधोमध कोणाच्याच मालकीची नसलेली जागा. तिथे घाण साचे, ढोरे शिरत. त्या जागेच्या कडेने एक पक्की भिंत आणि भिंतीला लागून गटार, अशी माझी योजना. नकाशाप्रमाणे तिकडून कोणीच येत-जात नव्हते. बोळ तर अलीकडेच संपत होते. भिंतीने कोणाची वाट अडत नाही ना, असे सभेत एकाने विचारले, तेव्हा रामकृष्णपंतांनी उभे राहून स्वतः ग्वाही दिली की तिथे वाटच नाही. योजना मंजूर झाली. विटा येऊन पडल्या.

आता यशोदाबाईंबद्दल सांगितले पाहिजे. यशोदाबाई कासारीण जुन्या गावात घरोघर बांगड्या भरीत. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. रामकृष्णपंत सकाळी निंबाच्या गल्लीतून घरी यायला निघाले, तेव्हा त्यांना यशोदाबाई बांगड्यांची माळ खांद्यावर घेऊन पहिल्या बंद बोळात शिरताना दिसल्या. मास्तरांचे घर आडाच्या गल्लीत. ते भरभर चालत बाजारावरून वळसा घेऊन घरी पोहोचले, तर यशोदाबाई त्यांच्या परसात बसून वहिनींच्या हातात बांगड्या भरीत होत्या. दुसरा हातसुद्धा निम्मा झाला होता. वाटेत त्या मास्तरांना ओलांडून गेल्या नव्हत्या, आणि वाट तर तेवढी एकच होती.

दुसऱ्या कोणी हे मनावर घेतले नसते. रामकृष्णपंत तिथेच खाली बसले आणि त्यांनी विचारले की तुम्ही कुठून आलात.

यशोदाबाई म्हणाल्या, "तुमी रस्त्यानं आले मास्तर. मी घराईतून आली."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. त्या पट्टीतल्या प्रत्येक परसाच्या भिंतीत एक बुटके दार आहे. शेजारच्या परसात उघडणारे, किंवा मधल्या मोकळ्या जागेत उघडणारे. सकाळी सडा पडल्यापासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत त्याला कडी लावायची नाही, असा बायकांचा रिवाज. दोन घरांत बोलणे बंद असले तरी कडी लागत नाही. बायका त्यातूनच आडावर जातात, त्यातूनच विस्तव आणतात, बाळंतिणीकडे सुईणही त्यातूनच येते. डोक्यावर घागर घेऊन बाजारातून चार पुरुषांच्या समोरून जायची वेळ जुन्या गावातल्या बाईवर येत नाही, ती या दारांमुळे. घरातल्या पुरुषांना आपापले दार ठाऊक होते. रामकृष्णपंतांच्या स्वतःच्या घरात तसे दार होते आणि ते रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पण त्यांना ते दार वाटत होते. तो रस्ता आहे हे कधी सुचले नव्हते.

त्यांनी लगेच टोपी घातली आणि चला, ती वाट दाखवा म्हणाले. त्यावर दोघी बायका हसू लागल्या. परपुरुषाने लोकांच्या परसातून जायचे नसते. कुठे कोणी न्हात असेल, कुठे कोणी लेकराला पाजत असेल. रामकृष्णपंतांपुढे मोठाच पेच उभा राहिला. गावातल्या निम्म्या वाटा त्यांना मोजता येण्यासारख्याच नव्हत्या. शेवटी दाण्यांची पिशवी वहिनींनी घेतली. यशोदाबाईंना सोबत घेऊन त्या निघाल्या आणि दुपारी परत आल्या त्या ओटीत दाणे घेऊनच. जे बोळ नकाशात संपत होते, त्यांतला एकही त्यांच्या हिशेबी संपत नव्हता. सरकीला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता.

रामकृष्णपंत तसेच माझ्याकडे आले. भिंतीचे काम दोन दिवसांवर आले होते. त्यांनी मला सांगितले की त्यांचा स्वतःचा नकाशा चुकला आहे, भिंत बांधू नका. मी विचारले, बरोबर नकाशा कुठे आहे? ते म्हणाले, तो देता येत नाही. बायकांनी एकच अट घातली होती. या वाटा कागदावर काढून कमेटीत टांगायच्या नाहीत. चोराच्या हातात आयता नकाशा कोणी द्यावा? आणि आपल्या परसात कसे यायचे ते सभेच्या खोलीतल्या लोकांनी काय म्हणून पाहावे? मास्तरांनी त्यांना शब्द दिला होता.

मी फार चिडलो. विटा माझ्या नावावर आल्या होत्या. योजना माझी होती, ती माझी पहिलीच होती आणि वरचे साहेब ती पाहायला येणार होते. मी त्यांना नको तेवढे बोललो. बायकांच्या गप्पांवरून रस्ते आखायचे असतील तर मला नोकरी कशाला, असेही म्हणालो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. माझ्या हुद्द्याला धक्का लागेल याचे त्यांना खरोखर वाईट वाटले, पण सभेत मी उभा राहणारच, एवढे सांगून ते गेले.

ती सभा मला अजून लख्ख आठवते. खाली रामकृष्णपंत उभे, वर भिंतीवर त्यांचाच नकाशा. त्यांनी सांगितले की मागच्या सभेत मी दिलेली ग्वाही चुकीची होती. तिथे वाट आहे. सभासद बुचकळ्यात पडले. दाखवा म्हणाले. दाखवता येत नाही, हे उत्तर ऐकून एक-दोघे उघड हसले. एका सभासदाने म्हटले की इतकी वर्षे तुम्ही मोजून नाही म्हणालात आणि आज न मोजता आहे म्हणता, मग विश्वास कोणत्या मास्तरांवर ठेवायचा? प्रश्न रास्त होता. मीही मनात तेच म्हणत होतो. त्या क्षणी रामकृष्णपंत गप्प बसले असते तर त्यांचा मान शाबूत राहिला असता, माझी भिंत उभी राहिली असती आणि निंबाच्या गल्लीतल्या लेकी-सुना दुसऱ्या दिवसापासून भर बाजारातून पाणी वाहू लागल्या असत्या.

ते स्टुलावर चढले आणि त्यांनी नकाशा खाली उतरवून भिंतीला पाठमोरा टेकवून ठेवला. मग वळून म्हणाले, "याच्यात गावातल्या अर्ध्या मानसाईच्या वाटा नाहीत. माह्यावर विश्वास नका ठेवू. आता जेवाले घरी जाचं आहे तुमाले. वाढनारीले फक्त इतकं इचारा, का तू आडावर कुठून जातं."

अध्यक्ष वयस्क आणि समंजस होते. त्यांनी सभा जेवणानंतरपर्यंत तहकूब केली. दुपारी सगळे परत आले तेव्हा खोलीत सकाळचा आवाज नव्हता. जो सभासद सर्वांत जास्त हसला होता तो तर खाली मान घालूनच बसला होता. त्याला घरी काय ऐकावे लागले ते त्याने शेवटपर्यंत कोणाला सांगितले नाही. अध्यक्षांनी कोणतीही चर्चा न करता सांगितले की निंबाच्या गल्लीमागची भिंत बांधू नये, ओव्हरसिअरसाहेबांनी नुसते गटार बांधावे आणि त्यावर ठिकठिकाणी फरशा टाकाव्यात. कुठे टाकायच्या ते मास्तरांच्या घरून कळेल. फरशांच्या जागा वहिनींनी कळवल्या. विटा आडाच्या कठड्याला आणि सभोवारच्या ओट्याला लागल्या. साहेब आले, त्यांनी ओट्याची तारीफ केली आणि गेले. माझी नोकरी बालंबाल बचावली.

तरी मी पुढे कित्येक महिने रामकृष्णपंतांशी बोललो नाही. ते मात्र दिसले की नमस्कार करीत आणि काहीतरी विचारीत. या रस्त्याला इथेच वळण काहून आले असेल, असे काहीतरी. मी ऐकून न ऐकल्यासारखे करी. त्या वर्षी माझे लग्न झाले आणि आडाच्या गल्लीत भाड्याने घर घेऊन मी पत्नीला घेऊन आलो. तिला ना इथली बोली ठाऊक, ना माणसे. मी दिवसभर बाहेर. ती एकटी काय करीत असेल या काळजीने मी एका दुपारी लवकर घरी आलो, तर घर उघडे आणि ती नाही. थोड्या वेळाने परसाच्या बुटक्या दारातून वाकून आत आली. हातात कोणाच्या घरची बेसनाची गरम पातोडी, पाठोपाठ वहिनी. महिन्याभरात तिला गल्लीतल्या सगळ्या घरांच्या खबरी माहीत झाल्या होत्या. मलेरियाने मी अंथरूण धरले तेव्हा पंधरा दिवस तिला चूल पेटवावी लागली नाही. ताटे त्या दारातून येत होती. बरे वाटल्यावर मी रामकृष्णपंतांच्या घरी गेलो आणि त्यांची माफी मागितली. ते म्हणाले की ते राहू द्या, तुमच्या घरापासून आमच्या घरापर्यंत मधे किती दारे लागतात हे तुमच्या मंडळींना विचारून सांगाल काय? वहिनी आपल्याला आकडा सांगत नाहीत.

नंतर कळले की बायकांच्या वाटांचा एक नकाशा त्यांनी काढलेला आहे. तो कधी घराबाहेर गेला नाही. मी तो एकदाच पाहिला, तोही वहिनींच्या परवानगीने. नकाशाच्या कोपऱ्यात मोजणी करणाराचे नाव घालण्याची पद्धत असते. तिथे लिहिले होते, वाट दाखविणार यशोदाबाई, मोजणार सरस्वतीबाई. आणि खाली बारीक अक्षरात, लिहून घेणार रा. ग. किन्हीकर. शिकलेल्या माणसांपैकी स्वतःच्या कामावर दुसऱ्याचे नाव आधी घालणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

आता माझ्याच एका चुकीबद्दल लिहितो, कारण ती लपवून त्यांचा गौरव करणे खोटेपणाचे होईल. स्टेशनापलीकडे नवे प्लॉट पडले ते मी आखले. सरळ रस्ते, रुंद रस्ते, प्रत्येक प्लॉटला चारी बाजूंनी कंपाउंड. मीही तिथे एक प्लॉट घेऊन घर बांधले. रामकृष्णपंत पाहायला आले, मागच्या भिंतीजवळ बराच वेळ उभे राहिले आणि पलीकडे कोण राहते असे त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही. इथे एक लहान दार ठेवता येईल काय, असे त्यांनी सुचवले. मी हसून म्हटले की हे काही निंबाची गल्ली नाही. त्यांनी आग्रह केला नाही. पत्नीनेही दोन-तीनदा सुचवून पाहिले होते. तिला त्या घरात करमत नव्हते. मी दोघांचेही ऐकले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस भर दुपारी परसात पाणी शेंदताना पत्नीचा पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. मी कामावर होतो, पुढच्या दाराला आतून कडी होती. तिने हाका मारल्या. भिंतीपलीकडच्या बाईंनी त्या ऐकल्या. त्या भिंतीला लागूनच उभ्या होत्या. पण यायचे कुठून? त्या आपल्या पुढच्या दाराने बाहेर पडल्या, सगळी रांग संपेपर्यंत रस्त्याने धावल्या, वळल्या, आमच्या ओळीत आल्या. सारखी दिसणारी घरे, त्यांतले आमचे कोणते हे त्यांना कळेना, कारण त्यांनी ते पुढून कधी पाहिलेच नव्हते. कंपाउंडचे फाटक हलवून शेवटी त्यांनी रस्त्यावरच्या दोन गाडीवानांना हाक मारली. तेवढा वेळ माझी पत्नी वैशाखाच्या उन्हात फरशीवर पडून होती. आपण एकटीच मरणार असे तिला वाटले, हे तिने मला नंतर सांगितले. ती वाचली, चालताना थोडी लंगडते. ती भिंत मी आखली होती, मीच बांधली होती, आणि त्यासाठी मला स्वतःला कधी क्षमा करता आलेली नाही.

रामकृष्णपंत दुसऱ्याच दिवशी आले. मी म्हटले होते ना, असे एक अक्षर त्यांनी काढले नाही. वहिनी पत्नीजवळ बसल्या. ते मात्र हळूच उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने घामाने डबडबून परत आले. पलीकडच्या बाईंच्या परसापासून आमच्या परसापर्यंत रस्त्याने किती पावले पडतात ते मोजून आले होते. इतर कोणी असे केले असते तर मी त्याला घराबाहेर काढले असते. पण त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "मधात एक वीत भिंत आहे हो, फक्त एक वीत."

आठ दिवसांत मी त्या भिंतीत दार पाडले. रामकृष्णपंत ते पाहायला आले, खूश झाले आणि लगेच विचारू लागले की पलीकडच्या घराच्या पलीकडे कोण राहते. त्यांच्या या विचारण्याने आज आमच्या ओळीतल्या काही घरांना अशी दारे झाली आहेत. काहींनी नाही म्हटले. नवी माणसे आहेत, भरवसा कसा ठेवायचा हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही. जुन्या गावात आधी भरवसा होता म्हणून दारे पडली, की दारे होती म्हणून भरवसा झाला? या एका प्रश्नावर मी आणि रामकृष्णपंत यांनी किती संध्याकाळी घालवल्या असतील त्याची गणती नाही. उत्तर अजून त्यांना सापडलेले नाही, आणि न सापडलेल्या उत्तराने चेहरा एवढा टवटवीत राहिलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

गेल्या महिन्यात त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे बसलो असताना यशोदाबाई आल्या. आता त्या पुष्कळ थकल्या आहेत; बांगड्या त्यांची सून भरते. पाठीमागे गल्लीतल्या चार-पाच म्हाताऱ्या होत्या. यशोदाबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, साठ झाले ना तुमाले? आता तुमाले पाहून कोन्ही पदर नाही घेत. चाला, दाखवतो तुमाले वाट."

ज्या वाटांसाठी ते भर सभेत आपल्याच नकाशाविरुद्ध उभे राहिले, त्यांवर त्यांनी आजवर एकही पाऊल टाकले नव्हते, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. इतकी वर्षे त्या दारांपलीकडचे सगळे त्यांनी वहिनींच्या तोंडून ऐकले होते. ते तसेच उठले. टोपी शोधू लागले तर ती सापडेना. ती त्यांच्या डोक्यावरच होती.

बायका त्यांना घेऊन बुटक्या दारातून वाकून पलीकडे गेल्या. मला साठ व्हायला अवकाश असल्यामुळे मी रस्त्याने वळसा घेऊन निंबाच्या गल्लीत पहिल्या बोळाच्या तोंडाशी जाऊन बसलो. एरवी यशोदाबाई ज्या वेळात चार हात बांगड्या भरीत, त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. प्रत्येक परसात त्यांना पाट दिला जात होता, ओवाळले जात होते, कोणी चहा देत होते. शेवटी ते बोळातून बाहेर आले. कपाळभर कुंकू, कोटावर अक्षता, गुडघ्यांना माती. मी हात धरून त्यांना ओट्यावर बसवले आणि विचारले की कसे काय वाटले.

ते आधी पाणी प्याले. मग म्हणाले, "दोन दारं लागलेली होती. आतून कुलूप. काहून असंल?"

आणि ते लगेच उठायला लागले. मी त्यांना बसवले. तेव्हा यशोदाबाईंनी त्यांना सांगितले की घाई करू नका मास्तर, ही वाट तुम्हाला आजच्यापुरती दिलेली नाही, तुम्ही जिवंत आहात तोवर दिली आहे; पुढच्या साली या, त्याच्या पुढच्या साली या, दारे उघडतात की आणखी लागतात ते पाहत राहा. रामकृष्णपंतांनी मान डोलावली आणि किती साल पाहावे लागेल, असे त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या की ते तुम्हालाच ठाऊक, मोजणारे तुम्ही.

या ग्रंथाच्या निमित्ताने आम्हा सर्व स्नेह्यांची परमेश्वराजवळ हीच मागणी आहे की ही मोजणी लवकर संपू नये. श्री. रामकृष्णपंतांचे गुडघे बळकट राहोत, नजर आजच्यासारखी तीक्ष्ण राहो, सौ. वहिनींची साथ अखंड राहो, आणि ती दोन कुलपे निघालेली पाहायला, न निघाल्यास प्रत्येक दारासमोर उभे राहून "काहून?" असे विचारायला त्यांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो.